उतरलेला गंधार

पाऊस संपला हे मला पेपरातून कळत नाही, व्हायोलिनच्या खुंट्यांवरून कळतं. चार महिने दमट हवेने फुगून घट्ट बसलेल्या खुंट्या आश्विनात सैल पडतात. पेटी उघडावी तर दोन तारा ढिल्या होऊन लोळत असतात. मग खुंटीला खडू लावा, दाबा, पिळा, सुटली की पुन्हा पिळा. घामाने बोटं निसटतात. ऑक्टोबर महिना मला आधीपासूनच आवडत नाही, त्यात हे.

यंदाही तेच झालं. परवाच्या रविवारी दुपारी वाजवायला बसले. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतलं माझं तिसऱ्या मजल्यावरचं घर, खाली नवरात्राचा मांडव बांधणाऱ्यांची बांबूंची आदळआपट, आणि पंखा बंद, कारण पंख्याच्या आवाजात तार लावायची नाही हे सरांनी लावलेलं वळण. फोनवरचा तंबोरा सुरू केला, चारी तारा सुरात आणल्या आणि हळूहळू वर गेले. वरच्या सप्तकातल्या गंधारावर, म्हणजे तिथल्या 'ग'वर, बोट जाऊन थांबलं. जरा खाली थांबलं. केसभरच. ऐकणाऱ्या दहातल्या आठांना कळणार नाही इतकंच. बोट वर सरकवलं की स्वर बरोबर येतो, पण मला तो परक्या घरातला वाटतो. हे बोट माझं नाही, सरांचं आहे. त्यांच्या शेवटच्या वर्षांतलं.

सर ठाकूरद्वारच्या एका वाडीत, दुसऱ्या मजल्यावर राहायचे. दोन खोल्या, पुढे गॅलरी, गॅलरीत सरांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, तुळशीच्या दोन कुंड्या. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा बत्तीस वर्षांची होते. बाबा नुकते गेले होते, लग्नाचा विषय घरात सगळ्यांनी सोडून दिला होता, आणि ऑफिसातून आल्यावर संध्याकाळचं काय करायचं हा प्रश्न होता. बाबा गिरणीतले. लालबागच्या चाळीत भजनाला हार्मोनियम वाजवायचे. त्यांना कुणी शिकवली नव्हती. दुसऱ्या बुवांच्या मागे बसून ऐकून ऐकून हात बसला होता. मी लहानपणी वहीत सारेगम लिहायला लागले तर म्हणायचे, "कानान शिक गो, कागद काय शिकवतलो?" त्यामुळे सरांनी पहिल्याच दिवशी माझी वही बाजूला ठेवली तेव्हा मला नवल वाटलं नाही.

सरांकडे लिहून घ्यायची सोय नव्हती. रेकॉर्ड करायचीही नव्हती. दादरहून एक गृहस्थ यायचे, बँकेत मोठे अधिकारी. त्यांनी एकदा व्हायोलिनवर तारांखालच्या काळ्या पट्टीवर पांढऱ्या चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावून आणले. कुठल्या स्वराला बोट कुठे ठेवायचं त्याच्या खुणा. सरांनी काही न बोलता एकेक तुकडा नखाने खरवडून काढला. म्हणाले, "बोटाला रस्ता दाखवायचा नाही. त्याला चुकू दे. कान त्याला घरी आणेल." ते गृहस्थ परत आले नाहीत.

पहिलं जवळजवळ वर्षभर मी नुसता तंबोरा ऐकला. आधी लावायचा, मग छेडत बसायचं. सर आतून मधूनमधून विचारायचे, "आला का?" मी म्हणायची, "नाही सर." तंबोरा चांगला लागला की त्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. कुणी वाजवत नाही, तो स्वर कुठल्याच तारेला लावलेला नसतो, तरी येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. अकराव्या महिन्यात एका सकाळी तो मला आला. अंगावर काटा वगैरे काही नाही, नुसता आला, शेजारच्या खोलीत कुणीतरी आधीपासून असावं आणि आत्ता आपल्याला कळावं तसा. मी काही बोलायच्या आत सर आतून म्हणाले, "आला ना? आता पुढच्या खेपेपासून व्हायोलिन." माझ्या तोंडावरून नव्हे, माझ्या हाताच्या छेडण्यावरून त्यांना कळलं होतं. असे कान होते त्यांचे.

त्यानंतर बावीस वर्षं रविवार म्हणजे ठाकूरद्वार. इतकी वर्षं मी ऑफिसात कुठल्याच रविवारी ओव्हरटाइम घेतला नाही, कुणाच्या मुंजीला सकाळी गेले नाही. नऊला पोचायचं, तंबोरा लावायचा, सर डोळे मिटून वाजवणार, आम्हीही डोळे मिटून ऐकणार आणि मग तेच आपल्या तारांतून काढायचं. बोटं बघायची नाहीत. बघून केलं की सरांना लगेच कळायचं. "खाली," म्हणायचे. "जरा वर. बस." त्यांच्या शिकवण्यातले शब्द एवढेच. आणि शेवटी, स्वतः काही वाजवून झालं की माझ्याकडे बघून विचारायचे, "कसं झालं?" बावीस वर्षं माझ्याकडेच बघून. हा माझा मान होता. मी म्हणायची, "छान झालं, सर." आणि खरोखरच छान झालेलं असायचं.

समोरची वाडी पाडून टॉवर उभा राहायला लागला तिथून बिघडलं असं म्हणायची आमच्यात पद्धत पडली होती. दिवसभर ड्रिल. काकू दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि आत आम्ही शिजायचो. सर म्हणायचे, "ह्या ड्रिलने कान बसले माझे." आम्ही सगळे माना डोलवायचो. पण ड्रिल बंद झालेल्या रविवारीही काकूंना त्यांना दोनदा हाक मारावी लागायची. मुलाने परदेशातून कानाचं यंत्र पाठवलं. सरांनी ते दोन दिवस लावलं आणि डबीत ठेवून दिलं. "पत्र्याच्या डब्यात तंबोरा ठेवल्यासारखं ऐकू येतं," म्हणाले. "मला नको असलं ऐकणं."

मग गंधार उतरायला लागला. खालचे स्वर ठणठणीत. मधलेही. पण वर गेलं की तो एक स्वर केसभर खाली. पहिल्यांदा मला वाटलं, माझंच काहीतरी होतंय. पन्नाशी उलटली होती, म्हटलं आपलेच कान गेले. मी घरी येऊन तपासलं, माझे कान ठीक होते. मग एका रविवारी वर्गातल्या सगळ्यांत धाकट्या सुमेधने मला जिन्यात गाठलं. परळला राहणारा, आयटीतला मुलगा, बोलायला भसाभस. "ताई, सरांचा तो वरचा ग... तुला पण तसाच येतो ना ऐकू?"

"येतो," मी म्हटलं.

"मग सांग ना त्यांना. तू सगळ्यात जुनी आहेस."

"सांगीन," मी म्हटलं. "तोपर्यंत सर वाजवतात तसंच वाजव. नाहीतर वर्गात सूर फाटतो, त्यांना वाईट वाटेल."

हे मी म्हटलं. ह्याच तोंडाने. आणि तसंच झालं. आम्ही सहा जण होतो. सहाच्या सहा जण वर गेलो की गंधार उतरवून वाजवायला लागलो. कुणी एकटा बरोबर वाजवला असता तर सरांना निदान खटकलं असतं, दोन स्वर एकमेकांना घासलेले कळले असते. आम्ही तेवढीही वाट ठेवली नाही. पुढे नवीन आलेल्या दोघींना तर तोच गंधार खरा म्हणून शिकवला गेला. कागदावर असतं तर दाखवता आलं असतं, हे बघा, इथे असं लिहिलंय. आमचा कागद म्हणजे सर. त्यांनी वाजवलं की ते बरोबर. आणि तंबोरा खोलीच्या कोपऱ्यात आपला खरा गंधार देत बसलेला, आम्हा सगळ्यांच्या देखत.

आदर होता म्हणून गप्प बसले, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. तेवढंच नव्हतं. सर बंद करतील ही भीती होती. त्यांचा स्वभाव मला ठाऊक होता. सूर गेला म्हटल्यावर त्यांनी त्या दिवशी व्हायोलिन ठेवलं असतं, आणि मग माझा रविवार? सोमवार ते शनिवार माझ्याकडे फायली होत्या. रविवारी ठाकूरद्वारचा जिना होता. तो गेल्यावर मी कुठे जाणार होते? मला सरांचा सूर वाचवायचा नव्हता. मला माझा रविवार वाचवायचा होता. ह्यात मोठेपणा काही नाही, लाज आहे.

एलेनी आली ती श्रावणात. ग्रीसमधल्या कुठल्याशा बेटावरची, तिशीच्या आतबाहेरची, उंच, उन्हाने भाजलेली. दादरला एका आजींकडे पेइंग गेस्ट राहायची. तिच्याकडे गावचं व्हायोलिन होतं आणि ते ती उभ्याने, जवळजवळ छातीवर टेकवून वाजवायची. सरांनी तिला खाली बसवलं, व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवायला शिकवलं. तिला वही नकोच होती. ह्याचंच सरांना अप्रूप. तिने काकूंना सांगितलं, तिला आजोबांनी शिकवलं. ते अंगणात वाजवायचे आणि तिला स्वतःकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसवायचे, म्हणजे बोटं दिसू नयेत. वाजवून झालं की उठून जायचे. जे राहिलं ते तुझं. मी सरांना हे तिच्या इंग्रजीतून मराठीत समजावून सांगितलं तेव्हा ते इतके हसले की खोकला आला. "बघ सुनंदा," मला म्हणाले, "कुठला कोण म्हातारा. पण घराणं आपलंच."

पोरगी मराठीसुद्धा कानानेच शिकली. काकूंच्या मागेमागे स्वयंपाकघरात फिरून. "हळद दे", "झाकण लाव", "पुरे". आणि सरांकडून "खाली", "जरा वर", "बस". एवढ्यावर तिचं सगळं चालायचं. भाजीवालीशी बोलतानाही किंमत कमी करायला ती "खाली, खाली" म्हणायची आणि मिळवायची. मला ती आवडायची. माझ्या घरी एक-दोनदा आली होती, माझ्या हातची सोलकढी पिऊन बाल्कनीत बसली होती. तिच्या गावच्या जत्रेचं सांगत होती. आजोबा म्हातारे झाल्यावर त्यांचा हात चुकायला लागला तेव्हा शेजारी साथीला बसणारा त्यांचा पुतण्या पाय आपटून ओरडायचा, भर जत्रेत. आजोबा त्याला शिव्या घालायचे आणि बोट सरकवायचे. "रोज भांडण," ती म्हणाली. "पण रोज वाजवत. मरेपर्यंत वाजवत." मी ऐकून घेतलं. आपल्याकडे असं नसतं, असंच काहीसं मी तिला बोलले असेन.

तिनेही सरांचा उतरलेला गंधार तसाच उचलला. हुबेहूब. तिला वाटलं, हा ह्या रागाचाच स्वर. तिच्या गावाकडे म्हणे असे मधलेअधले स्वर पुष्कळ असतात. पण नवरात्रात काकूंनी सरांची जुनी कॅसेट लावली, वीसेक वर्षांपूर्वीची, अहिर भैरवाची. ती कॅसेट आता ऐकवत नाही, मागे सूं सूं आवाज येतो, तरी त्यात सर वर गेले की गंधार नेमका जिथे हवा तिथे उभा राहतो. एलेनी स्वयंपाकघराच्या दारात ओलं फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग मला गॅलरीत घेऊन गेली.

"तिथे वर. इथे खाली. का?"

मी तुळशीकडे बघत होते. मी म्हटलं, "ते जुनं. आता सर असंच वाजवतात. ती त्यांची पद्धत."

"पद्धत," ती म्हणाली. तिला हा शब्द नवीन होता. तिने तो दोनदा म्हणून बघितला आणि आत गेली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. त्या महिन्यात मी केलेल्या सगळ्यांत ते मला जास्त टोचतं.

त्याच आठवड्यात वाडीतल्या मंडळाचे लोक आले. दिवाळी पहाट करायची, सरांनी तासभर वाजवावं. सरांनी सार्वजनिक ठिकाणी वाजवून सहा-सात वर्षं झाली होती. मला वाटलं नाही म्हणतील. ते लहान मुलासारखे हसले. काकूंकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सुनंदा मागे बसेल साथीला," म्हणाले. "सुनंदा असली की मला काळजी नाही."

आता सांगायला हवं होतं. वीस दिवस होते. सुमेध फोनवर फोन करत होता. "ताई, लोक येणार आहेत, रेकॉर्ड करतील, टाकतील कुठेतरी. सांग ना." मी रोज ऑफिसातून तालमीला जाताना बसमध्ये वाक्य तयार करायची. सर, वरचा गंधार जरा तपासून घेऊ या का. सर, मला वाटतं तार जरा उतरते आहे. सर, एकदा ते यंत्र लावून बघता का. बस ठाकूरद्वारला पोचायची आणि वाक्य जिन्यात सुटायचं. वर गेले की सर तयारीत बसलेले असायचे, अंगात बनियन, घाम गळतोय, आणि इतका आनंद तोंडावर की मी तो बावीस वर्षांत पाहिला नव्हता. वाजवून झालं की माझ्याकडे बघायचे. "कसं होतंय?"

"छान होतंय, सर."

मंडळाने तबलेवाला आणि हार्मोनियमवाला ठरवला होता. हार्मोनियमच्या पट्ट्या पक्क्या असतात, त्यावर गंधार जिथला तिथे वाजतो, तो काही सरांसाठी खाली येणार नव्हता. मी कार्यकर्त्यांना परस्पर सांगितलं, "सरांना हार्मोनियम नकोय." सरांना सांगितलं, "त्या हार्मोनियमवाल्याला बरं नाहीये." दोन्हीकडे दोन थापा, आणि वर मला वाटत होतं मी फार मोठं काम केलं. बाबांच्या वाद्याला मी स्टेजवरून उठवलं, कारण ते खोटं बोलत नाही.

दिवाळीच्या पहाटे वाडीच्या चौकात सतरंज्या घातल्या होत्या. गॅलऱ्यांतून कंदील. अभ्यंगस्नान करून आलेली माणसं, उटण्याचा वास, बायकांच्या ओल्या केसांना गजरे. सरांनी काकूंनी इस्त्री करून दिलेला सिल्कचा झब्बा घातला होता. तंबोरा मी लावला आणि सुमेधला छेडायला दिला. इतका सुरेख लागला होता त्या दिवशी की गंधार मागितला नसताना भरभरून येत होता. मी माझं व्हायोलिन घेऊन सरांच्या डावीकडे जरा मागे बसले. त्यांनी सा लावला आणि चौक शांत झाला. पहिला अर्धा तास काय वाजवलं त्यांनी. खालचं सगळं जुनंच होतं, हातातला बो, व्हायोलिनचा गज, कुठेही थरथरत नव्हता. म्हातारी माणसं डोळे मिटून बसली होती. मी देवाला म्हटलं, आजचा दिवस खालीच राहू देत.

पण अहिर भैरव खाली कसा राहील. ते वर चढायला लागले. ऋषभावर रेंगाळले आणि मला कळलं आता येणार. माझं बोट तारेवर होतं. मी बरोबर वाजवला असता तर दोन स्वर घासून सरांना तिथल्या तिथे कळलं असतं, लोकांसमोर. त्यांचा वाजवला तर ते एकटे पडणार नव्हते. एवढाच वेळ होता आणि एवढंच ठरवायचं होतं. मी त्यांचा गंधार वाजवला. केसभर खाली, त्यांच्या बोटाला बोट लावून. समोरच्या रांगेत बसलेल्या, कधीकाळी गाणं शिकवणाऱ्या एका बाईंनी मान खाली घातली. पुढे पंचवीस मिनिटं सर पुन्हापुन्हा तिथेच गेले. त्यांना तो स्वर आवडत होता. प्रत्येक वेळी मी त्यांच्याबरोबर गेले.

टाळ्या झाल्या. शाल, श्रीफळ झालं. आपली माणसं, आपली वाडी, कोण काय म्हणणार? "वा, वा, सर," म्हणत सगळे पाया पडले. वर घरी आलो तेव्हा काकूंनी फराळाची ताटं भरून ठेवली होती. सर, काकू, मी, सुमेध आणि एलेनी. सर कॉटवर टेकून बसले होते, दमलेले, लाल झालेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कसं झालं?"

"फार छान झालं, सर," मी म्हटलं.

सुमेधने ताटातली चकली मोडली आणि खाल्ली नाही. सरांची नजर एलेनीकडे गेली. तिने हातातलं ताट जमिनीवर ठेवलं. ती त्यांच्या अगदी समोर जाऊन बसली, त्यांना तोंड दिसेल अशी. आणि मोठ्याने, पण अगदी मायेने म्हणाली, "सर, जरा वर."

सरांना वाटलं ती उशीबद्दल बोलतेय. ते सरकून बसले. तिने मान हलवली आणि हवेत व्हायोलिन धरून वरच्या गंधाराची जागा दाखवली. "ग. जरा वर."

सरांनी हळूच व्हायोलिन घेतलं. मला म्हणाले, "तंबोरा छेड." मी छेडला. त्यांनी तो स्वर लावला आणि एलेनीकडे बघितलं.

"वर," ती म्हणाली. ते सरकले. "वर." सरकले. "बस."

त्यांनी मान वाकवून आपलं बोट कुठे आहे ते बघितलं. सबंध आयुष्यात त्यांनी बोट बघितलं नव्हतं. मग डोळे मिटून पुन्हा लावला. बोट जुन्याच जागी गेलं. डोळे उघडून त्यांनी एलेनीचं तोंड वाचलं आणि व्हायोलिन मांडीवर घेतलं.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्यांनी मला विचारलं.

"दोन वर्षं, सर."

"बरं," ते म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर मी पाय धरले असते. नंतर थोड्या वेळाने, कुणाकडेच न बघता म्हणाले, "सगळ्यांसमोर बसवलंत मला."

'बसवलंत' हे अनेकवचन आम्हा सगळ्यांसाठी होतं, हे मला कळलं. तरी त्या खोलीत ते खरोखर एकाच माणसाला लागू होतं, आणि ती मीच होते.

मला वाटलं होतं, कळलं की सर बंद करतील. तसं झालं नाही, आणि हेच मला फार उशिरा समजलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंकडून चिकटपट्टी मागून घेतली आणि एलेनीकडून गंधाराच्या जागी एक बारीक तुकडा लावून घेतला. मग फाल्गुनापर्यंत ती रोज सकाळी यायची. सर वाजवायचे, ती म्हणायची खाली, वर, बस. मध्येच ते चिडायचे, "तुला काय कळतं गं," म्हणायचे, आणि बोट सरकवायचे. काकू सांगायच्या, हल्ली जेवतात नीट. मी रविवारी गेले की मलाही बसवून घ्यायचे, साथ करायला लावायचे. काही म्हणून बोलले नाहीत. फक्त वाजवून झालं की ते एलेनीकडे बघायचे. माझ्याकडे बघून विचारणं थांबलं.

होळीनंतर एलेनी तिच्या बेटावर परत गेली. जाताना मला मिठी मारून रडली. तिला मी काय केलं ते माहीत होतं, तरी रडली. त्यानंतर सरांनी व्हायोलिन हळूहळू कमी केलं आणि पुढच्या वर्षी वर्ग थांबवला. कान म्हणून कुणाला बसवायचं, हा प्रश्न होता. मी होते ना. रोज संध्याकाळी ऑफिसातून सरळ आले असते. पट्टीवर बोट ठेवून हवा तितका वेळ वर, खाली म्हटलं असतं. मी एकदा तसं बोलूनही दाखवलं. सर म्हणाले, "कशाला, इतक्या लांबून."

तरी मी जात राहिले. रविवारी नऊला, नुसती बसायला. समोरचा टॉवर पुरा झाला होता, ड्रिल थांबलं होतं, आणि आता ती शांतता सरांच्या काही उपयोगाची नव्हती. ते ओठांवरून बोलणं ओळखायला शिकले होते. सर गेले त्याच्या आधीच्या आश्विनातली गोष्ट. असाच उकाडा होता. काकूंनी चहा आणून माझ्या हातात दिला. सर कॉटवर भिंतीला टेकून बसले होते, आमच्याकडे बघत. काकूंचंही वय झालेलं, हल्ली त्यांना काही लक्षात राहत नसे. त्यांनी पदराने कपाळ पुसत विचारलं, "चहा कसा झालाय गं?"

"छान झालाय, काकू," मी म्हटलं.

सरांनी माझे ओठ वाचले. मग काकूंना हळू आवाजात, सहज, काल काय भाजी होती ते सांगावं तसं म्हणाले, "तिला नको विचारत जाऊस. ती छानच म्हणते."

कप अजून माझ्या हातात भरलेला होता. मी पहिला घोट घेतला. साखर घालायची राहून गेली होती. मी तो तसाच प्यायले.